सरासरीत हरवलेली गावे

१९८६ च्या जूनमध्ये मी अकरावीसाठी धुळ्याला आलो आणि एका वसतिगृहात राहू लागलो. खोलीत आम्ही चौघे. त्यांतला एक मुलगा अक्राणीचा, पावरा समाजातला. धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढे १९९८ मध्ये. त्याच्या घरी पावरी बोलत. मराठी तो शाळेत शिकला होता आणि आमच्यापेक्षा शुद्ध लिहीत असे. आम्ही मात्र त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. मार्चमध्ये होळी आली. सातपुड्यात होळी हा वर्षाचा मोठा सण. त्याने घरी जायला चार दिवस मागितले. परीक्षा तोंडावर आल्यामुळे ते मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्याने आपले आयुष्य संपवले.

या दोन घटना मी शेजारी लिहिल्या, पण एकीतून दुसरी झाली असे मला म्हणायचे नाही. माणूस असा जातो त्याला एकच कारण कधी नसते. तो कसा गेला हेही मी लिहिणार नाही. ते तपशील छापल्याने कुणाचे भले होत नाही, एखाद्या अडचणीत सापडलेल्या वाचकाचे नुकसान मात्र होऊ शकते.

त्याची पत्र्याची पेटी घरी पोचवायला रेक्टरांनी मला आणि एका शिपायाला पाठवले. शहाद्याहून धडगावची बस, पुढे दोन-अडीच तासांची पायवाट. पाड्यावर त्याच्या आईने पेटीवर हात ठेवून मला काहीतरी विचारले. प्रश्न होता एवढे सुरावरून कळले. दुभाष्या म्हणावे असे कोणी जवळ नव्हते. तिने पुन्हा विचारले, तेव्हा मी मान डोलावली. मी कशाला हो म्हटले हे मला आजही माहीत नाही.

परत आल्यावर वसतिगृहात एक व्याख्यान झाले. विषय होता मनोबल. वक्ते चांगले बोलले, विवेकानंदांचे दाखले दिले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाड्यावर जाऊन आलेल्या मला कोणी काही विचारले नाही, आणि वसतिगृहात पावरा-भिल्लांची आणखी वीसेक मुले होती त्यांनाही नाही.

पुढे बी.कॉम. होऊन मी पतसंस्थांचे हिशेब तपासू लागलो, आणि तेच तीस वर्षे केले. इतिहासाचा नाद जुन्या दफ्तरांमुळे लागला. त्याचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या संशोधनाविषयी मी लिहिणार आहे त्याच्याकडे मी ओढला गेलो तो हिशेबतपासनीस म्हणून. सरासरीवर विश्वास ठेवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दहा शाखांची थकबाकी सरासरी आठ टक्के असेल तर सगळ्या शाखा आजारी आहेत असे होत नाही. बहुधा दोन शाखा बुडालेल्या असतात आणि उरलेल्या ठणठणीत.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या मूलनिवासी तरुणांमधले आत्महत्यांचे प्रमाण देशाच्या प्रमाणाच्या पाच-सहा पट, अशी वाक्ये वर्षानुवर्षे अहवालांत आणि वर्तमानपत्रांत छापून येत होती. हळूहळू तो एक स्वभावधर्मच ठरला. हे लोक असेच, यांच्या संस्कृतीतच काही बिघाड, असे उघडपणे किंवा आडून म्हटले जाऊ लागले. व्हँकुव्हरच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल चँडलर आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर ललाँड यांनी काय केले, तर ही सरासरी फोडली. प्रांतात मूलनिवासींचे जवळजवळ दोनशे गट; कायद्याच्या भाषेत त्यांना ‘बँड’ म्हणतात, आपण सोयीसाठी गाव म्हणू. १९८७ ते १९९२ या काळातले मृत्यू त्यांनी गावनिहाय मांडले. निम्म्याहून अधिक गावांत त्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. बहुतेक सगळे मृत्यू मोजक्या गावांत एकवटलेले होते. १९९८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची झेरॉक्स माझ्या हाती पडायला आणखी दहा वर्षे गेली. शब्दकोश शेजारी ठेवून तो वाचताना त्या तक्त्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. ‘मूलनिवासी तरुणांची आत्महत्या’ नावाची एक सरसकट गोष्ट तिथे नव्हतीच.

त्यावर चँडलर-ललाँड यांनी प्रश्न उलटा केला. तिथे मुले का मरतात असे न विचारता, इथे का मरत नाहीत असे विचारले.

हा प्रश्न त्यांना कुठून सुचला तेही पाहण्यासारखे आहे. चँडलर यांचा मूळ विषय किशोरवयाचा. मूल वाढते तसे ते बदलते. दहाव्या वर्षीचा मी आणि सोळाव्या वर्षीचा मी यांत साम्य थोडेच. तरीही तो मीच होतो आणि पुढे जो होईल तोही मीच असेन, असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? हे मुलांकडून काढून घेण्यासाठी ते त्यांना गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चित्रकथा दाखवत. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’मधला कैदी ज्याँ व्हालज्याँ पुढे नगराध्यक्ष होतो. हा तोच माणूस का? आणि असेल तर कसा? बहुतेक मुले काही ना काही उत्तर देत. एक गट मात्र असा होता की त्यातल्या बहुतेकांना उत्तरच सापडत नव्हते, ना व्हालज्याँविषयी ना स्वतःविषयी. आत्महत्येच्या धोक्यामुळे रुग्णालयात दाखल केलेली ही मुले होती. उद्याचा माणूस आपणच आहोत असे वाटत नसेल, तर त्याच्यासाठी आजचा त्रास सोसायचा कशाला, असे त्यांचे अनुमान.

मूलनिवासी मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट दिसली. गोरी मुले बहुधा म्हणत, आत कुठेतरी एक न बदलणारा गाभा असतो. मूलनिवासी मुले बहुधा गोष्ट सांगत: आधी असे झाले, मग तसे झाले, म्हणून तो असा झाला. त्यांचे ‘मी’पण कथेच्या धाग्यावर ओवलेले होते. हे त्यांनी २००३ च्या आपल्या मोठ्या प्रबंधात सविस्तर मांडले आहे. आता अशा मुलाच्या घरातून, गावातून ती कथाच कोणी काढून नेली असेल तर?

ती काढून नेली होती, आणि सरकारी आदेशाने नेली होती. या इतिहासाशिवाय वरचे आकडे कळत नाहीत.

त्या किनाऱ्यावरच्या लोकांत ‘पॉटलॅच’ नावाचा सोहळा असे. मुलाला नाव द्यायचे, लग्न लावायचे, मृताचे दिवस करायचे, वारसाला हक्क द्यायचे, हे सगळे त्यात होई. मुखवटे, नाच, गाणी, जेवण, आणि शेवटी पाहुण्यांना भरपूर भेटी. पाहुणा भेट घेई म्हणजे साक्षीदार होई. आपल्याकडच्या बारशापासून उत्तरकार्यापर्यंतचे सगळे विधी आणि शिवाय तलाठ्याचे दफ्तर एकाच मांडवात आणले, तर जे होईल ते हे. जास्त वाटून टाकणारा तिथे मोठा. मिशनऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना ही उधळपट्टी वाटली. १८८४ च्या दुरुस्तीने सोहळ्यावर बंदी आली, पुढच्या वर्षापासून ती लागू झाली आणि १९५१ पर्यंत कायद्यात राहिली.

१९२१ च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी एका आडबाजूच्या बेटावर मोठा पॉटलॅच केला. पंचेचाळीस जणांवर खटले भरले गेले. आरोप काय, तर भाषण करणे, नाचणे, भेटवस्तू उचलून नेणे. ज्यांनी आपले मुखवटे आणि पिढीजात वस्तू सरकारजमा केल्या त्यांची शिक्षा स्थगित झाली. वीसेक जण तुरुंगात गेले. वस्तू ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत पोचल्या, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाने विकत घेतल्या. त्या काळात मूलनिवासी खात्याचा कारभार पाहणारे डंकन कॅम्पबेल स्कॉट हे कॅनडाचे नावाजलेले कवी होते. मूलनिवासींवर त्यांच्या हळव्या कविता आहेत. साहित्यप्रेमी वाचकाने हे एकदा लक्षात घ्यावे म्हणून लिहिले.

मुलांना निवासी शाळांत सक्तीने धाडण्याची तरतूद १९२० साली झाली तीही याच स्कॉट यांच्या काळात. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. आपली भाषा बोलली तर मार बसे. भाऊ-बहीण एकाच शाळेत असले तरी त्यांना एकमेकांशी बोलू देत नसत. शेवटच्या शाळा बंद झाल्या तेव्हा १९९० चे दशक संपत आले होते. २०१५ साली सत्यशोधन आयोगाने आपला अंतिम अहवाल दिला, त्यात हजारो माजी विद्यार्थ्यांच्या साक्षी आहेत.

अलर्ट बे या बेटावरच्या गावी अशाच एका शाळेची विटांची भव्य इमारत होती. तिच्या जवळच १९८० साली गावाने आपले सांस्कृतिक केंद्र उभे केले आणि जप्त झालेले मुखवटे त्यात परत आणले. संग्रहालयांनी ते सहज दिले नाहीत. नीट इमारत बांधाल तरच देऊ, ही अट होती. केंद्राचे नाव ‘उमिस्ता’. पूर्वी शत्रूने पळवून नेलेली माणसे सुटून घरी आली, तर त्यांना उमिस्ता लाभली असे म्हणत. ती शाळा २०१५ मध्ये पाडली.

आता पुन्हा तक्त्याकडे. चँडलर-ललाँड यांनी प्रत्येक गावाबाबत सहा गोष्टी पाहिल्या. गावाने आपल्या जमिनीवरचा हक्क मागण्यासाठी दावा लावला आहे का? काही प्रमाणात स्वशासन मिळवले आहे का? शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन गावाच्या हातात आहेत का? आणि आपल्या रीतिरिवाजांसाठी गावाने एखादी वास्तू राखली आहे का? यांतली प्रत्येक गोष्ट असलेल्या गावांत तरुणांच्या आत्महत्या कमी होत्या. सहाही असलेल्या गावांत त्या काळात एकही नव्हती. एकही गोष्ट नसलेल्या गावांत प्रमाण सर्वांत जास्त. पुढे २००० पर्यंतचे आकडे घेतले तरी चित्र तेच राहिले, आणि यादीत आणखी दोन गोष्टींची भर पडली: गावाच्या कारभारात स्त्रियांचे बहुमत, आणि बालकल्याणाची व्यवस्था गावाच्या हाती असणे. गावांची नावे त्यांनी छापली नाहीत, ते योग्यच केले.

या यादीत समुपदेशक नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. जमिनीचा दावा आणि सोळा वर्षांच्या मुलाचे रात्री दोन वाजता जागे असणे यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. मला तो असा दिसतो. ज्या मुलाची मावशी शाळा चालवते, काका न्यायालयात गावाचा नकाशा मांडतो, त्याच्यासमोर आपल्या माणसांचा काळ पुढे सरकत असतो. त्या कथेत त्याची जागा मोकळी ठेवलेली असते.

२००७ मध्ये हॅलेट, चँडलर आणि ललाँड यांनी याच प्रांतात भाषेचा हिशेब मांडला. ज्या गावांत निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलता येत होती तिथे तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे १३. जिथे तेवढ्यांना येत नव्हती तिथे ९६ च्या वर. भाषाप्रेमी मराठी माणसाला हा आकडा फार आवडेल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो.

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. तिथे बहुसंख्य लोक इन्युइट, त्यांची भाषा जिवंत, सरकारात त्यांचेच लोक. तरीही तिथे तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण भयावह आहे. म्हणजे भाषा हा ताईत नव्हे. जॅक हिक्स या अभ्यासकाने दाखवले की ही लाट अलास्कात आधी आली, मग ग्रीनलंडमध्ये, मग कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये; शिकारीच्या मुक्कामांवरून लोकांना उठवून सरकारी वसाहतींत बसवण्याचा क्रमही तोच. उठवलेल्या पिढीपेक्षा त्यांच्या मुलांची पिढी जास्त कोसळली. नुनावुतमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांशी बोलून जो अभ्यास झाला, त्यात बालपणीचे अत्याचार आणि उपचार न झालेले नैराश्य ठळकपणे दिसले. तेव्हा डॉक्टर हवाच, औषधही हवे. संस्कृतीच्या नावाखाली घरातल्या अत्याचारावर पांघरूण घालायला तर मुळीच वाव नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते याची माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्याजोगी जागा म्हणजे नैऋत्य अलास्कातल्या युपिक लोकांची गावे. पूर्वी तिथे ‘कास्गिक’ असे: गावाचे सामाईक घर, जिथे पुरुष राहत, हत्यारे बनवत, आणि मुलगे त्यांच्यात बसून ऐकत ऐकत शिकत. मिशनऱ्यांच्या आणि शाळांच्या काळात ती घरे ओस पडली. १९९० च्या दशकात गेराल्ड मोहॅट आणि त्यांचे सहकारी दारूच्या प्रश्नावर अभ्यास करणार होते, तेव्हा मूलनिवासींनी सांगितले की, पिणाऱ्यांवर पुष्कळ लिहून झाले, आता जे पीत नाहीत किंवा ज्यांनी सोडली त्यांच्याकडून शिका. प्रश्न इथेही उलटा झाला, आणि तो गावानेच केला. त्यातून पुढे ‘कुंगास्विक’ हा उपक्रम उभा राहिला. या शब्दाचा अर्थ हत्यारांची पेटी.

त्यात मुलांना आत्महत्येवर व्याख्यान देत नाहीत. वडीलधारी माणसे त्यांना गोठलेल्या नदीवर नेतात. हातातल्या काठीने बर्फ ठोकायचा, आवाज ऐकायचा, रंग पाहायचा, कुठे पाऊल टाकायचे ते ठरवायचे. पूर्वी कोण कुठे बुडाले, कोणी कोणाला ओढून काढले, ते चालता चालता सांगायचे. एकट्याने जायचे नाही, पुढच्याने मागच्याकडे पाहायचे. कुठल्या ऋतूत काय करायचे हे गाव ठरवते. शेजारच्या गावाची पेटी वेगळी असू शकते. आणि परिणाम मोजताना मुलाला मरावेसे वाटते का एवढेच न विचारता, जगावे असे वाटायला तुझ्याजवळ काय काय आहे, हे विचारतात. जी मुले अशा कामांत जास्त वेळा आली त्यांच्यापाशी ही कारणे वाढलेली आढळली.

ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची लोकांची तऱ्हा वेगळी, आणि मला हिशेबनीस म्हणून जवळची. २००१ मध्ये त्यांच्या पंचायतीने ठराव केला: आत्महत्येचा विचार, प्रयत्न, मृत्यू, जे कोणाच्या कानावर येईल ते गावाच्या नोंदवहीत आले पाहिजे. नोंद झाली की प्रशिक्षित अपाची कार्यकर्ता त्या घरी जातो, अपाची रीतीने बोलतो, आणि उपचारापर्यंत सोबत करतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ मदतीला आहे, पण वही पंचायतीची. काही वर्षांत तिथले मृत्यूचे प्रमाण लाखामागे ४० वरून २४.७ वर आले.

कॅनडातला आकडा उचलून सातपुड्याला किंवा गडचिरोलीला लावणे हा गाढवपणा होईल. आपल्या आश्रमशाळा सक्तीच्या नव्हत्या, आणि त्यांतून शिकून उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. पण कास्गिकचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला गोटुल आठवल्यावाचून राहणार नाही. आणि गोटुलाविषयी आपण शंभर वर्षे काय लिहिले ते आठवले तर थोडी लाजही वाटेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तेव्हा आपण ती जंगलाची बातमी म्हणून वाचली. त्याच तालुक्यात मोहगावला २०१९ मध्ये ग्रामसभांनी गोंडी शाळा काढली, ती मान्यतेच्या कागदावर अडली. ती शिक्षणखात्याची बातमी झाली. चँडलर यांच्या यादीत या दोन्ही गोष्टी एका रकान्यात बसतात.

आपल्याकडे ‘संवेदनशील’ उपक्रम म्हणजे बहुधा भाषांतर. इंग्रजी पत्रकाचे मराठी, क्वचित मराठीचे गोंडी, कोपऱ्यात वारली चित्र. चँडलर यांचे म्हणणे होते की, जिथे मुले मरत नाहीत त्या गावांकडे ज्ञान आहे, ते शेजारच्या गावाला थेट मिळू द्या. राजधानीतून खाली झिरपवू नका. असे काही करायचे तर आधी आपल्याला कोणती गावे ठीक आहेत हे शोधावे लागेल, आणि आपली सगळी यंत्रणा मृत्यू झाल्यावरच जागी होते. तोवर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येते. प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर तो असावा, हे मी भेटेल त्या रेक्टरला सांगतो.

गेल्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याशी एका वसतिगृहात मला खानदेशच्या इतिहासावर बोलायला बोलावले होते. गृहपाल स्वतः पावरा, तिशीतले. माझे भाषण झाल्यावर त्यांनी मुलांना ते पावरीत पुन्हा सांगायला लावले, आणि मुलांनी मी न सांगितलेल्या चार गोष्टी त्यात घातल्या. ऑफिसात चहा घेताना भिंतीवर सुट्ट्यांचा तक्ता दिसला. होळीला सहा दिवस लिहिले होते. मी विचारले, परीक्षेच्या तोंडावर एवढी सुट्टी, मुले परत येतात का?

“दोन-तीन दिवस उशिरा येतात,” ते म्हणाले, “पण येतात.”